बोळातली गरम हवा

परवा अर्णवने ह्यूस्टनहून विचारलं, "आजी, तुझ्याकडे एसी भिंतीवर का असतो? आमच्याकडे तर छतातल्या जाळीतून हवा येते." आणि त्याच आठवड्यात ईरा ओस्लोहून म्हणाली की त्यांच्या बाल्कनीतलं यंत्र थंडीत घर गरम करतं, मग त्याला एसी म्हणायचं की हीटर? दोघांनाही मी "नीट लिहून पाठवते" म्हणून सांगितलं. अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण वही उघडून बसले तेव्हा ध्यानात आलं की हे उत्तर मी पुस्तकातून शिकलेच नाही. मी चौदा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात, भिवंडीच्या आमच्या घरात ते शिकले. त्यात तुमच्या पणजीचा जीव पणाला लागला होता, म्हणून आधी ते घर सांगते.

आमच्या तीन खोल्या गोमाशेठ यांच्या साइझिंगच्या पाठीमागे होत्या. साइझिंग म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावायचं काम. खळ लावली की सूत दम धरतं आणि मागावर तुटत नाही. माझे वडील, अण्णा, तिथे सुपरवायझर होते. दिवसभर खळीचा वाफाळ, भातासारखा वास आमच्या घरात असायचा आणि चारी बाजूंच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड. पाहुणे यायचे ते पहिले दोन दिवस ओरडून बोलायचे. आम्ही मात्र साध्या आवाजातच बोलायचो आणि आम्हाला ऐकू यायचं. शुक्रवारी लूम बंद असले की उलट कान दुखल्यासारखे वाटायचे. स्वयंपाकघर आत्याचं होतं. ती अण्णांची मोठी बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडे आलेली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कैरीचं पन्हं यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि टोमणे मारण्यातही. मी कल्याणला इंग्रजी शाळेत जायची. तिच्या मते त्या शाळेत मी फक्त उलट बोलायला शिकत होते.

घराच्या उजव्या अंगाला एक अरुंद बोळ होता आणि बोळापलीकडे शेजारणीचं दार. तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खालाचा नवरा लूमवर विणकर होता, आजमगढकडचा. ती स्वतः दिवसभर दारात चरखा घेऊन कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायचं. धागा बारीक असला की चाक हळू, जाड असला की जोरात. मी तासन्‌तास बघत बसायची. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना ती धाग्याशीच बोलायची, "अरे, मान जा ना, मेरे बाप."

त्या वर्षी आईला दिवस गेले होते. माझ्यानंतर तिची दोन बाळंतपणं अर्ध्यावरच संपली होती आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. या खेपेला आठवा लागला तेव्हा मे महिना होता. डॉक्टरीणबाईंनी अण्णांना अंगणात नेऊन सांगितलं, आणि मी दाराआडून ऐकलं. "रक्तदाब चढतोय. कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही. आणि ही खोली! वर पत्रे, खाली भट्टी. उन्हाने चक्कर आली, ताप चढला, तर बाळ राहणार नाही, आणि मी तिचीही खात्री देत नाही. दोन महिने हिला गार ठेवा. कसं ते तुमचं तुम्ही बघा."

अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. सुताची सगळी दुखणी त्यांना ठाऊक होती, माणसाची नव्हती.

त्यांनी नागपूरच्या मावसभावाला पत्र टाकलं. पंधरा दिवसांत सुताच्या ट्रकवर बसून एक भलामोठा पत्र्याचा खोका आमच्या दारात उतरला. कूलर! तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा छोटा पंप आणि पुढे पंखा. गल्ली जमली. आत्याने त्याला हळदकुंकू लावलं. अण्णांनी तो आईच्या खोलीत ठेवला आणि मग एखादा भिवंडीकरच करील ती गोष्ट केली. खिडक्या बंद केल्या, दाराला गोधडी लावली आणि फटींमध्ये सुताच्या चिंध्या कोंबल्या. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं की कोरडा वारा लागला की सूत तुटतं. म्हणून शेडमध्ये दारं-खिडक्या घट्ट लावतात आणि जमिनीवर पाणी शिंपडतात. ओली, कोंडलेली हवा म्हणजे चांगली हवा. अण्णांनी उभ्या आयुष्यात हेच केलं होतं. आईसाठी त्यांनी तेच, जास्त काळजीने केलं.

पहिला तासभर स्वर्ग होता. वाळ्याचा वास, गार झुळूक. आत्या भाजी निवडायच्या निमित्ताने तिथेच येऊन बसली. संध्याकाळपर्यंत चादर दमट झाली. दुसऱ्या दिवशी मिठाला पाणी सुटलं, पापड मऊ पडले आणि देवाजवळची काडेपेटी पेटेना. तिसऱ्या दुपारी आईचा हात धरला तर तो गरम होता आणि घामाने निथळत होता. ती म्हणाली, "विजू, मला दम लागतोय. कोणी ओलं घोंगडं पांघरल्यासारखं वाटतंय गं." आणि तिची मान कलली.

आम्ही तिला ओसरीवर आणली. खाला धावत आली, तळपायांना कांदा चोळला, पदराने वारा घातला. दहा मिनिटांनी आईने डोळे उघडले. अण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि एकच वाक्य म्हणत होते, "पण कूलर तर चालू होता. कूलर तर चालू होता."

साइझिंगच्या भिंतीवर एका फळीला दोन थर्मामीटर जोडलेले होते. एक साधा. दुसऱ्याच्या गोळ्याला ओली वात गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या कुपीत. हवा कोरडी असली की वातीचं पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं आणि त्या थर्मामीटरचा पारा खाली येतो. हवा ओली असली की पाणी उडतच नाही आणि दोन्ही पारे जवळजवळ येतात. अण्णा दिवसातून तीनदा ते बघून फळ्यावर लिहायचे. मी त्या दुपारी ती फळी उचलून आईच्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवली. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. अर्ध्या तासाने बघितलं तर दोन्ही पारे शेजारी शेजारी, एकाच उंचीवर.

अण्णा आत आले, सवयीने वाचलं आणि म्हणाले, "वा. अशी हवा शेडमध्ये कधी मिळत नाही. एक धागा तुटणार नाही."

मी म्हटलं, "अण्णा, आई सूत नाही."

ते माझ्याकडे वळले. मी घाईघाईने सांगितलं, "ही वात बघा. हिचं पाणी उडत नाहीये. आईचा घामही तसाच उडत नाही. घाम उडाला तरच अंग गार होतं ना? आपण आणखी पाणी घालून हवा भरून टाकली. आता घामाला जायला जागाच नाही. ही ओली हवा बाहेर जायला पाहिजे."

"म्हणजे?"

"खिडक्या उघडा."

आत्या दारातून म्हणाली, "हो, उघडा! गारवा सगळा गल्लीला वाटा! इंग्रजी शाळेत एवढंच शिकवतात." पण अण्णांनी स्वतःच्या हाताने फटींमधल्या चिंध्या ओढून काढल्या. कूलर खिडकीत सरकवला, म्हणजे तो बाहेरची हवा आत घेईल, आणि समोरची खिडकी सताड उघडी ठेवली. तासाभरात पारे एकमेकांपासून सुटले.

तर मुलांनो, कूलरचं सगळं गुपित त्या ओल्या वातीत आहे. कूलर हवेला वातीच्या पाऱ्यापेक्षा खाली नेऊ शकत नाही. नागपूरला उन्हाळ्यात तो पारा खूप खाली असतो, म्हणून तिथे कूलर राजा. इथे खाडी जवळ, हवा आधीच ओलसर, त्यामुळे पारा थोडासाच उतरतो. आजही इथल्या दुकानात कोणी कूलर घेताना दिसलं की मी न विचारता सांगते, "खिडकी उघडी ठेवा हं." लोकांना मी आगाऊ म्हातारी वाटते. वाटू दे.

आईला बरं वाटलं, पण पुरेसं नाही. डॉक्टरीणबाईंनी येऊन रक्तदाब बघितला आणि मान हलवली. त्याच दिवशी गोमाशेठ ताडगोळ्यांची पाटी घेऊन आईला बघायला आले. ते जवळच्या दापोडे गावचे, भातशेतीवाले. साइझिंग काढून शेठ झाले होते, पण बोलणं गावचंच. आज त्यांच्या त्या शेतांवर गोदामांच्या रांगा आहेत. ओसरीवर बसून ते म्हणाले, "अण्णा, माझे हापिसात ती मुंबईची थंडीची मशीन पडलीय. पन ती कामाची न्हाय. म्होरून थंड मारतंय, पाठून गरम. दोन उन्हाळे बघितली, हापिस भट्टी झाला. आता चादर टाकून ठेवलीय."

मी विचारलं, "काका, ती ठेवलीत कुठे?"

"कुठं म्हंजे? टेबलावर. पंखा कुठं ठेवतात?"

अण्णांच्या मागे लागून मी ती बघायला गेले. लोखंडी पेटी, लाकडी रंगाचं तोंड, आणि टेबलाच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत तिची पुस्तिका, कोणी न उघडलेली. सगळी इंग्रजीत. मी तिथेच जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. एका चित्रात पेटीच्या मधून वरपासून खालपर्यंत एक तुटक रेघ गेली होती. ती रेघ म्हणजे भिंत होती.

"काका, ही पेटी खोलीत ठेवायचीच नसते. भिंतीला भोक पाडून बसवायची. तोंड आत, पाठ बाहेर. ही थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते."

गोमाशेठांनी पुस्तिका हातात घेऊन ती रेघ बोटाने गिरवली. मग मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे दोन वर्सं मी निस्ती गरमी हापिसाचे या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात फिरवली! मना कोन बोललाच न्हाय!" आणि अण्णांना म्हणाले, "घेऊन जा. पोरीनं वाचलीय, तिचीच आता. वायर शेडातनं ओढा."

उष्णता कशी उचलली जाते, ते मी त्या पुस्तिकेतून वाचलं. पण समजलं मात्र डॉक्टरीणबाईंच्या कापसाने. इंजेक्शनआधी त्या आईच्या दंडाला स्पिरिट लावायच्या. स्पिरिट उडून जाताना दंड गार पडायचा. पेटीतही तेच होतं, फक्त तिथलं द्रव नळीत कोंडलेलं असतं. पुढच्या जाळीत ते उकळून वायू होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतं. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबल्यावर तो खूप तापतो. तो मागच्या जाळीत जातो, तिथला पंखा त्याची उष्णता बाहेर उडवतो आणि वायूचं पुन्हा द्रव होतं. ते बारीक नळीतून सुटताना गार पडतं आणि पुन्हा पुढे येतं. म्हणजे कूलरमध्येही उडणारं पाणी आणि इथेही उडणारं द्रव. फरक इतकाच की कूलरमधलं पाणी आपल्या खोलीत राहतं, आणि पेटीतलं द्रव नळीबाहेर येतच नाही.

गवंड्याने बोळाकडच्या भिंतीला भोक पाडलं आणि पेटी बसली. सुरू झाली तेव्हा धप्पकन आवाज झाला आणि घरातले दिवे एक क्षण मंद झाले. मी उठून खिडक्या लावायला लागले. आत्याने कपाळावर हात मारला.

"अगं, काल उघडा म्हणाली, आज लावा म्हणते! एकदा काय ते ठरव. का तुझ्या शाळेत सोमवारचं आणि मंगळवारचं शास्त्र वेगळं?"

"आत्या, कूलर बाहेरची हवा आत घेतो, म्हणून त्याला वाट लागते. ही आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करते. उघडं ठेवलं तर ती गल्लीच गार करत बसेल."

"हे बघ, मी आता कशाला हातच लावत नाही. उघडायचं-लावायचं तूच बघ." पण संध्याकाळी पेटीखाली ठेवलेली बादली भरत आलेली बघून ती चकित झाली. मी सांगितलं, "हवेतलं पाणी आहे. गार जाळीवर येऊन थेंब होतात, तांब्याला बाहेरून सुटतात तसे." आत्याने बादलीत बोट बुडवून बघितलं. यंत्राचं पाणी तुळशीला घालायचं नाही असं तिने ठरवलं आणि ओसरी धुवायला वापरलं.

त्या रात्री आई पहिल्यांदा सलग झोपली. तीन दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कसं! असंच राहू दे." अण्णा त्या दिवशी जेवताना दोनदा बिरडं मागून घेऊन जेवले.

चौथ्या दिवशी मी खालाकडे भांडं परत करायला बोळातून गेले. बोळात पाय टाकला आणि तोंडावर झळ आली. आमच्या पेटीची पाठ नेमकी तिच्या दारासमोर होती. खाला दारात नव्हती. आत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून चरखा फिरवत होती. शेजारी पाण्याची वाटी होती, दर दोन मिनिटांनी ती बोटं बुडवून सुतावर शिंपडत होती. तरी धागा तुटत होता. टोपलीत रोजच्या निम्म्याही कांड्या नव्हत्या.

"खाला, ही आमच्या मशीनची हवा..."

"चुप," ती म्हणाली. "भाभी को मत बोलना. दो महीने की बात है. बच्चा आ जाए खैरियत से, फिर देखेंगे."

"पर आप का धागा टूट रहा है."

"धागा जुड़ जाता है, बेटा."

मी घरी आले आणि गप्प बसायचं ठरवलं. तासाभराने आईनेच विचारलं, "काय झालं? खालाकडून आल्यापासून तोंड का असं?" मला खोटं बोलता यायचं नाही, अजूनही येत नाही. सांगून टाकलं.

आईने भिंतीतल्या पेटीकडे बोट केलं. मग शांतपणे म्हणाली, "बंद कर ते."

"आई!"

"बंद कर म्हटलं ना. तिच्या तोंडावर माझी उष्णता फेकून मी इथे झोपा काढू?"

अण्णा आले, आत्या आली. आत्या पहिल्यांदाच रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, हट्ट करू नको. पोटातल्याचा विचार कर." आई म्हणाली, "त्याचाच करतेय." शेवटी उठून स्वतःच बंद करते म्हणून तिने कोपर टेकलं, तेव्हा अण्णांनी पटकन बटण बंद केलं. खोली शांत झाली, मी खिडकी उघडली. पत्र्याखालची उष्णता हळूहळू खाली उतरताना मला जाणवत होती. आईच्या कपाळावर घाम जमू लागला.

मी पुस्तिका पुन्हा काढली. पेटीच्या मागे मोकळी जागा सोडा, हवा अडवू नका, एवढंच लिहिलं होतं. अडवू नका म्हणजे वळवू नका असं नाही. मी धावत अण्णांकडे गेले. "खळीच्या भट्टीवर धुरासाठी पत्र्याचं तोंड आहे ना, वर वळवलेलं? तसं हिच्या पाठीला लावलं तर? पण चिकटवून नाही. चांगलं वीतभर अंतर ठेवून आणि दोन्ही बाजू उघड्या."

कारखान्यातल्या कामात अण्णांना विचार करायला वेळ लागत नसे. तेलाचे दोन मोठे डबे कापून, ठोकून त्यांनी त्याच दुपारी एक बाकदार टोपी केली. शिडी खालाच्या दारात लावली. मी खालून अंतर मोजून सांगत होते, गोमाशेठ शिडी धरून उभे होते आणि खाला सारखी ओरडत होती, "अरे रहने दो, अण्णाजी, गिर जाओगे!" पेटी सुरू केली. मी बोळात हात धरून उभी राहिले. झळ नाही. वर, खालाच्या पत्र्याच्याही वर, हवा थरथरत होती. खालाने चरखा उचलला, दारात आपल्या जागी आणून ठेवला आणि पहिली कांडी न तुटता भरली. ती तिने मला दिली. मी ती घरात नेऊन आईच्या उशाशी ठेवली, तेव्हा आई म्हणाली, "आता खिडकी लाव."

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये माझा नवा स्प्लिट बसवायला मिस्त्री आला होता. स्प्लिट म्हणजे त्या पेटीचे मधून दोन तुकडे केलेले: पुढची जाळी आणि पंखा खोलीत, भिंतीवर, आवाज करणारा कॉम्प्रेसर आणि मागची जाळी बाहेर, मधे तांब्याच्या दोन नळ्या. म्हणून भिंतीला मोठं भोक लागत नाही आणि झोपेत धप्प आवाज येत नाही. अर्णव, तुमच्याकडेही बाहेर तसंच एक मोठं यंत्र असेल. फक्त त्याची गार झालेली हवा पत्र्याच्या बोगद्यांतून सगळ्या खोल्यांत फिरवतात. माझा नवा इन्व्हर्टर आहे. जुनी पेटी लूमसारखी होती, चालू तर पूर्ण जोरात, नाहीतर बंद. इन्व्हर्टर खालाच्या चरख्यासारखा चालतो, हवी तेवढीच गती ठेवतो आणि थांबत नाही, म्हणून वीज कमी लागते. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, बाहेरचं युनिट इथे डक्टमध्ये लावतो, पाईप कमी लागेल. सगळे इथेच लावतात." डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या अरुंद मोकळ्या जागेत, शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. मी म्हटलं, "रस्त्याच्या बाजूला लावा. पाईप लागेल तेवढा लागू द्या." त्याने खांदे उडवले. मी त्याला कारण सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते आहे.

आईने पूर्ण दिवस भरले. आषाढात, भर पावसात, दुपारी जेवणाच्या वेळेला बाळ झालं. मुलगी, सावळी, आवाज लूमच्या वरताण. तीच तुमची नीलाआजी, जिचा फोन आला की तुम्ही तो कानापासून लांब धरता. आत्याने तिला मांडीवर घेतलं, आणि तिने टोमणा मारला नाही असा तो एकच दिवस मला आठवतो.

पण पावसाळ्यातलं तान्हं बाळ म्हणजे लंगोट, आणि ते वाळणार कुठे? ओसरीवर, चुलीवर, खाटेच्या दांड्यांवर, सगळीकडे ओल्या लंगोटांच्या रांगा. दमट हवा, पुन्हा तेच: पाण्याला जायला जागा नाही. आत्या निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून त्यावर एकेक लंगोट शेकवत होती आणि पावसाला शिव्या देत होती. पाचव्या दिवशी बोळातून खालाची हाक आली, "अण्णाजी! ओ अण्णाजी!"

अण्णा घाबरून बाहेर गेले, मी मागोमाग. खाला दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने आपल्या दाराच्या वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशी, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुताची दोरी बांधली होती.

"ये टोपी उतारो," ती वर बोट दाखवत म्हणाली.

"काय झालं? पाणी गळतंय का?"

"कुछ नहीं गलता. उतारो, और हवा इधर छोड़ो. और विजू, जा, बच्ची के सब कपड़े ले आ."

अण्णांनी शिडी लावली आणि टोपी काढली. आम्ही पेटी सुरू केली. आई बाळाला घेऊन खोलीत गोधडीत गुरफटून बसली होती. तिच्या खोलीतली उष्णता भिंत ओलांडून बोळात आली आणि खालाच्या दोरीवरचे छत्तीस लंगोट एकदम फडफडायला लागले. ईरा, तुझ्या बाल्कनीतलं यंत्रही हेच काम करतं, फक्त उलट दिशेने: बाहेरच्या थंड हवेतसुद्धा थोडी उष्णता असते, ती गोळा करून तुझ्या घरात आणतं. उष्णता फक्त जागा बदलते. कोणाच्या दारात ती न्यायची, हे मात्र माणसाने ठरवायचं असतं, आणि जमल्यास आधी विचारून.

तासाभराने खाला आमच्या ओसरीवर आली. तिच्या दोन्ही हातांवर लंगोटांची कोरडी, कडक चवड होती. वरचा लंगोट तिने आपल्या गालाला लावून बघितला, अजून गरम होता. मग तो आईच्या हातात देत म्हणाली, "लो भाभी. तुम्हारी गर्मी वापस."